ब्राउझर अपडेट झाला की डीएससीची सही अडते: दर महिन्याचं दुखणं, कारण आणि इलाज

लक्षण असं दिसतं. गेल्या महिन्यात याच कॉम्प्युटरवर, याच टोकनने (डीएससी, म्हणजे डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट, ठेवलेली यूएसबी काडी), याच जीएसटी पोर्टलवर सही झाली होती. या महिन्यात वीस तारखेला, रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, 'फाइल विथ डीएससी' दाबलं की चक्र फिरत बसतं, नाहीतर 'फेल्ड टू एस्टॅब्लिश कनेक्शन टू द सर्व्हर, काइंडली रीस्टार्ट द एमसायनर' अशी पाटी येते. रीस्टार्ट केलं तरी तेच. मग सल्ले सुरू होतात. एकजण क्रोम काढून परत टाकायला सांगतो, दुसरा जावा टाकायला, तिसऱ्याच्या मते टोकनच गेलं. सदाशिव पेठेपासून कोथरूडपर्यंतच्या कर सल्लागारांच्या ऑफिसांत महिन्याच्या वीस तारखेला हे संवाद ठरलेले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

टोकन बहुतेक वेळा ठणठणीत असतं. ब्राउझर आणि त्याच कॉम्प्युटरवर चालणारा सहीचा सहायक प्रोग्राम यांच्यात एक वाट आहे, बिघाड त्या वाटेवर होतो. ती वाट ब्राउझर बनवणारे गेली दहा वर्षं ठरवून, आधी जाहीर करून अरुंद करत आले आहेत. त्यामुळे हे दुखणं पुन्हापुन्हा येणार, आणि दर वेळी ते वेगळ्या जागी असेल. नुसत्या रीस्टार्टवर विसंबून भागत नाही. अडलंय कुठे ते पाच मिनिटांत ओळखता यायला हवं.

सही होताना काय घडतं

ब्राउझरला यूएसबी टोकन थेट वाचता येत नाही, आणि वाचू द्यायचंही नसतं. म्हणून पोर्टल तुमच्या कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्राम बसवायला लावतं. जीएसटीसाठी तो एमसायनर, आयकरासाठी एमब्रिज. हा प्रोग्राम तुमच्याच यंत्रावर एक पोर्ट, म्हणजे क्रमांक दिलेलं दार, उघडून ऐकत बसतो. पोर्टलचं पान ब्राउझरमधून १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे स्वतःच्याच यंत्रावर, त्या पोर्टला हाक मारतं: 'या मजकुरावर सही दे.' सहायक प्रोग्राम विंडोजकडून सर्टिफिकेटांची यादी घेतो, तुम्ही नाव निवडता, पिन टाकता, टोकन सही करून देतं आणि ती सही उलट वाटेने पोर्टलकडे जाते.

एवढ्या साखळीत तुटण्याच्या जागा सहा: टोकन आणि त्याचा ड्रायव्हर, विंडोजची सर्टिफिकेटांची यादी, सहायक प्रोग्राम, त्याचा पोर्ट, त्या पोर्टवरच्या सुरक्षित जोडणीच्या सर्टिफिकेटवर (हे डीएससी नव्हे) ब्राउझरचा विश्वास, आणि पोर्टलच्या पानाला त्या पोर्टशी बोलायची ब्राउझरने दिलेली परवानगी. पहिल्या चार खालच्या, शेवटच्या दोन वरच्या. क्रोम काढून परत टाकल्याने खालच्या चारांतलं काहीही दुरुस्त होत नाही.

आधी साखळी मधोमध तपासा

टोकनपासून सुरुवात करू नका, पोर्टलपासूनही नको. मधल्या जागेची एक चाचणी घेतली की अर्धी साखळी बाद होते.

टोकन लावा. एमसायनर उजव्या क्लिकने 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून सुरू करा. ज्या ब्राउझरमधून रिटर्न भरायचंय त्याच ब्राउझरमध्ये, त्याच प्रोफाइलमध्ये नवा टॅब उघडा आणि पत्त्याच्या जागी एचटीटीपीएस (https://) लावून १२७.०.०.१:१५८५ लिहा. टंकताना आकडे अर्थातच इंग्रजी. एचटीटीपीएस विसरू नका, ते गाळलं की चाचणी निरर्थक ठरते. आता तीनपैकी एक गोष्ट दिसेल.

पहिली, 'धिस साइट कान्ट बी रीच्ड' आणि खाली बारीक अक्षरांत 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. त्या पोर्टवर ऐकणारं कुणीच नाही. बिघाड खाली आहे, ब्राउझरला हात लावायचं कारण नाही.

दुसरी, 'युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' असा लाल त्रिकोण. लाल रंग पाहून घाबरायला होतं, पण ही चांगली बातमी आहे. सहायक प्रोग्राम जिवंत आहे, पोर्ट उघडा आहे, फक्त ब्राउझर त्याच्या सर्टिफिकेटला ओळखत नाही.

तिसरी, पान उघडतं. कोरं असेल किंवा त्यावर भलतंच काही असेल, त्याचं महत्त्व नाही. इथवर सगळं ठीक आहे, म्हणजे अडलंय ते परवानगीपाशी किंवा पोर्टलपाशी.

जीएसटीचा एमसायनर १५८५ मोकळा नसेल तर २०९५, २५६८, २८६८ किंवा ४५८७ यांपैकी एखादा घेतो. १५८५ वर नकार आला तर हेही तपासा, मगच प्रोग्राम मेला असं ठरवा.

पोर्टवर कुणीच नसेल तर

घड्याळाजवळच्या छोट्या बाणात एमसायनरचं चिन्ह आहे का पाहा. नसेल तर तो सुरूच झालेला नाही. साध्या डबल क्लिकने सुरू केला आणि अधिकार पुरे पडले नाहीत, तर काहीही न सांगता तो गुपचूप बंद होतो.

चिन्ह आहे तरी पोर्ट बंद असेल तर 'रिसोर्स मॉनिटर' उघडा, नेटवर्कच्या टॅबमध्ये 'लिसनिंग पोर्ट्स' असा कप्पा आहे. पोर्टच्या रकान्यावर क्लिक करून क्रमाने लावा आणि १५८५ समोर कुणाचं नाव आहे ते वाचा. तिथे दुसराच प्रोग्राम बसलेला असेल तर भांडण कुणाशी आहे ते कळलं. एका यंत्रावर जीएसटी, आयकर, कंपनी व्यवहार खातं, भविष्य निर्वाह निधी आणि टेंडर या सगळ्यांचे सहायक प्रोग्राम एकाच वेळी चालू ठेवायची पद्धत आहे. सही करताना लागेल तेवढाच चालू ठेवा.

आता एक जागा, जी सहसा सुचत नाही. ऑफिसच्या एकाच कॉम्प्युटरवर दोन विंडोज लॉगिन असतात, एक सरांचं आणि एक आर्टिकल्सचं, म्हणजे सीएकडे शिकणाऱ्या मुलांचं. सकाळी एकाने एमसायनर सुरू केला आणि लॉग आउट न करता 'स्विच यूजर' केलं. त्याचं सत्र मागे चालूच राहतं आणि पोर्ट त्याच्याच ताब्यात असतो. दुपारी दुसऱ्या लॉगिनमधून सही करायला गेलं की एकतर नवा एमसायनर पोर्ट मिळत नाही म्हणून पडतो, नाहीतर हाक सकाळच्या सत्राकडे जाते आणि सर्टिफिकेटांची यादी रिकामी किंवा भलतीच दिसते. टास्क मॅनेजरच्या 'यूजर्स' टॅबमध्ये दोन नावं दिसली की जुन्याला साइन आउट करा. यंत्र रीस्टार्ट केल्यावर 'आपोआप सुरळीत झालं' असं वाटतं, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

दुसरी तशीच जागा म्हणजे रिमोट डेस्कटॉप. टोकन ऑफिसच्या यंत्रात खोचून घरून विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने जोडलात तर ते टोकन दिसणार नाही. ही त्या पद्धतीची रचनाच आहे: रिमोट सत्रात स्मार्ट कार्ड तुमच्या हातातल्या यंत्रावरून घेतलं जातं, पलीकडच्या यंत्रावरून नाही. बहुतेक टोकनं विंडोजच्या लेखी स्मार्ट कार्डच असतात. म्हणून एकतर टोकन घरच्या लॅपटॉपला लावून जोडणी करताना 'लोकल रिसोर्सेस'मध्ये स्मार्ट कार्डची खूण ठेवा (त्यासाठी ऑफिसच्या यंत्रावर ड्रायव्हर हवाच), किंवा पलीकडचा पडदा जसाच्या तसा दाखवणारा एनीडेस्कसारखा प्रोग्राम वापरा.

प्रोग्राम चालू, पण यादी रिकामी

हा टोकनचा किंवा ड्रायव्हरचा प्रश्न. ईपास २००३ असो, प्रॉक्सकी असो की एमटोकन, प्रत्येकाची स्वतःची व्यवस्थापक खिडकी असते. तिच्यात टोकन दिसलं नाही तर यूएसबी हब काढून थेट मागच्या यूएसबी खाचेत लावा. तरीही नाही दिसलं तर त्याच टोकनचा ड्रायव्हर काढून ताजा टाका. तिथे दिसतंय पण यादीत नाही, तर विंडोजच्या 'सर्व्हिसेस'मध्ये 'स्मार्ट कार्ड' आणि 'सर्टिफिकेट प्रोपगेशन' या दोन्ही सेवा चालू आहेत का बघा. दुसरी सेवाच टोकनमधलं सर्टिफिकेट उचलून विंडोजच्या यादीत ठेवते. खात्री करायला 'इंटरनेट ऑप्शन्स', मग 'कंटेंट', मग 'सर्टिफिकेट्स', आणि तिथला 'पर्सनल' कप्पा.

नूतनीकरण झालेल्या डीएससीत आणखी एक गंमत असते. जुनं आणि नवं सर्टिफिकेट एकाच नावाने यादीत दिसतं, घाईत जुनं निवडलं जातं. मुदतीची तारीख बघून निवडा. आणि नवं सर्टिफिकेट जीएसटी पोर्टलला आपोआप कळत नाही. 'माय प्रोफाइल'मधून 'रजिस्टर ऑर अपडेट डीएससी' करावं लागतं. सर्टिफिकेटातला पॅन आणि अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचा पॅन एकच हवा.

पिन विचारणारी खिडकी ब्राउझरच्या मागे उघडते, हेही लक्षात असू द्या. चक्र फिरतंय असं वाटलं की आधी ऑल्ट आणि टॅब दाबून बघा.

लाल त्रिकोण: आठवड्याचा हिशेब

'मागच्या महिन्यात चाललं, या महिन्यात नाही' या तक्रारीचं उत्तर कितीतरी वेळा इथे असतं.

पोर्टलचं पान एचटीटीपीएसवर असल्यामुळे सहायक प्रोग्रामलाही सुरक्षित जोडणी द्यावी लागते. पण १२७.०.०.१ या पत्त्याला कुठलीही मान्यताप्राप्त संस्था सर्टिफिकेट देत नाही, देऊ शकतही नाही. तो पत्ता जगातल्या प्रत्येक कॉम्प्युटरचा आहे. म्हणून प्रोग्राम स्वतःचंच सर्टिफिकेट घेऊन बसतो. ब्राउझरला ते अनोळखी. पोर्टलचं पान मागच्या मागे हाक मारतं तेव्हा ब्राउझर जोडणी नाकारतो आणि तुम्हाला इशाराही दाखवत नाही, कारण इशारा दाखवायला तिथे उघडं पानच नसतं. तुम्हाला दिसतो तो फक्त पोर्टलचा 'फेल्ड टू एस्टॅब्लिश'.

इलाज सोपा: वरच्या चाचणीतला तो पत्ता उघडा, लाल त्रिकोणाखाली 'अ‍ॅडव्हान्स्ड' आणि मग 'प्रोसीड'. आता पोर्टलचं पान ताजं करून परत सही करा.

मात्र क्रोम ही 'प्रोसीड'ची परवानगी फक्त एक आठवडा लक्षात ठेवतो. रिटर्न महिन्यातून एकदा. म्हणजे वीस तारखेला दिलेली परवानगी पुढच्या वीसला शिल्लक नसतेच. त्यात कुणी मधेच ब्राउझिंग हिस्टरी साफ केली तर आठवडाही पुरा होत नाही. कुठलाही अपडेट न होता 'परत बिघडलं' असं वाटतं ते यामुळे. क्रोममधून भरणार असाल तर रिटर्नला बसण्याआधी तो पत्ता उघडून 'प्रोसीड' करणं हा कामाचाच भाग धरा.

फायरफॉक्समध्ये 'अ‍ॅक्सेप्ट द रिस्क अँड कंटिन्यू' केलं की अपवाद कायमचा नोंदला जातो, खासगी खिडकीत नसाल तर. सही करण्यापुरता फायरफॉक्स सोयीचा पडतो तो यासाठी.

सहायक प्रोग्रामचं सर्टिफिकेट विंडोजच्या 'ट्रस्टेड रूट'मध्ये टाकून दिलं की कटकट संपते, असाही सल्ला मिळेल. संपते खरी. पण त्या कप्प्यात बसलेलं सर्टिफिकेट तुमच्या यंत्रावर कुठल्याही साइटची खोटी ओळख पटवू शकतं, जर त्याची खासगी किल्ली दुसऱ्याच्या हाती लागली तर. २०१५ मध्ये लेनोवोच्या लॅपटॉपवर आधीच बसवलेल्या सुपरफिशने नेमका हाच घोळ घातला होता: सगळ्या यंत्रांवर एकच किल्ली, आणि ती बाहेर पडली. प्रोग्रामच्या अधिकृत इन्स्टॉलरने ते काम केलं तर ठीक. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेली सर्टिफिकेटची फाइल उचलून त्या कप्प्यात टाकणं म्हणजे घरच्या चाव्या चौकात टांगणं.

पुण्यातल्या जुन्या यंत्रांसाठी एक तळटीप: दिवे गेल्यावर कॉम्प्युटरची तारीख मागे जात असेल तर लाल त्रिकोण सगळ्याच साइटवर येतो. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला, ब्राउझरशी झटू नका.

पान उघडतं, तरीही सही होत नाही: नवी परवानगी

हे सगळ्यांत नवं आणि सगळ्यांत जास्त गोंधळ घालणारं. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस आलेल्या क्रोम १४२ पासून, इंटरनेटवरच्या कुठल्याही साइटला तुमच्या यंत्रावरच्या किंवा घर-ऑफिसच्या नेटवर्कवरच्या पत्त्याशी बोलायचं असेल तर तुमची परवानगी घ्यावी लागते. नाव 'लोकल नेटवर्क अ‍ॅक्सेस'. साइटला तुमच्या लोकल नेटवर्कवरची उपकरणं शोधून त्यांच्याशी जोडायचं आहे, अशा अर्थाची छोटी चौकट वर डावीकडे येते, खाली 'अलाउ' आणि 'ब्लॉक'.

बहुतेकजण ही चौकट नोटिफिकेशनची समजून सवयीने 'ब्लॉक' करतात. क्रोम तो नकार त्या साइटपुरता लक्षात ठेवतो आणि परत विचारत नाही. आता तुम्ही एमसायनर दहा वेळा रीस्टार्ट करा, ड्रायव्हर बदला, टोकन बदला, काहीही होणार नाही. आणि १२७.०.०.१ चा पत्ता थेट उघडून पाहिला तर तो व्यवस्थित उघडतो, कारण तिथे तुम्ही स्वतः जाता. बंधन आहे ते दुसऱ्या साइटने तुमच्या नावाने आत जाण्यावर. पत्ता उघडतो आणि सही होत नाही, ही जोडी दिसली की पहिला संशय या परवानगीवर घ्या.

दुरुस्ती अशी. पोर्टलवर असतानाच पत्त्याच्या डाव्या टोकाला दोन सरकपट्ट्यांचं चिन्ह आहे (पूर्वी तिथे कुलूप असायचं, २०२३ मध्ये बदललं). त्यावर क्लिक करा, 'साइट सेटिंग्ज' उघडा, परवानग्यांच्या यादीत 'लोकल नेटवर्क अ‍ॅक्सेस' शोधा आणि 'अलाउ' करा. आवृत्तीप्रमाणे नावात थोडा फरक असेल. मग पान ताजं करा. लॉगिन आणि सहीचं पान वेगवेगळ्या सबडोमेनवर (मुख्य पत्त्याच्या उपपत्त्यांवर) असेल तर परवानगी सहीच्या पानाच्या पत्त्याला द्यायची, मुखपृष्ठाच्या नाही.

हीच अडचण आहे हे पक्कं करायचं असेल तर एफ १२ दाबा, 'कन्सोल' उघडा आणि सहीचं बटण दाबा. लाल ओळीत 'परमिशन वॉज डिनाइड' आणि 'अ‍ॅड्रेस स्पेस' हे शब्द दिसले तर प्रश्न परवानगीचाच. 'सर्ट ऑथॉरिटी इनव्हॅलिड' दिसलं तर वरचा लाल त्रिकोण. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असेल तर प्रोग्राम बंद. तीन वेगळे रोग, पण पोर्टल तिघांनाही एकच पाटी लावतं. ही पोर्टल बनवणाऱ्यांची आळशी सवय आहे. चूक ओळखून वेगळा संदेश द्यायला फार कोड लागत नाही.

याच यंत्रावर एक पोर्टल चालतं आणि दुसरं अडतं, असंही होतं. १४२ मध्ये हा नियम साध्या विनंत्यांना आणि आयफ्रेमना (पानाच्या आत बसवलेल्या दुसऱ्या पानांना) लागू झाला. वेबसॉकेटने होणाऱ्या, सतत उघड्या राहणाऱ्या जोडण्या त्या टप्प्यात वगळल्या होत्या, त्याही पुढे याच नियमाखाली आणायचं आधीच सांगितलेलं आहे. म्हणजे पोर्टल कोणत्या पद्धतीने हाक मारतं त्यावर ते कधी अडेल हे ठरतं. आज चालणारं पोर्टल पुढच्या एखाद्या आवृत्तीत चौकट दाखवू लागलं तर नवल नाही.

वापरणाऱ्याच्या हातात नसलेल्या दोन गोष्टी आहेत. साइट साध्या एचटीटीपीवर असेल तर क्रोम चौकट न दाखवता थेट नकार देतो. आणि सहीचा भाग दुसऱ्या डोमेनवरच्या आयफ्रेममध्ये बसवला असेल, पण बाहेरच्या पानाने ही परवानगी त्याच्याकडे सोपवलेली नसेल, तरीही चौकट येत नाही. दोन्ही दुरुस्त्या पोर्टलवाल्यांनीच करायच्या.

ब्रेव्ह या ब्राउझरमध्ये अशी परवानगी २०२३ पासूनच आहे. मायक्रोसॉफ्टचा एज क्रोमच्याच पायावर, क्रोमियमवर, बांधलेला, त्यामुळे तिथेही हेच येतं.

हे बदल येतात कुठून

ब्राउझरवाले मुद्दाम त्रास देतात, हे मत पुण्यातल्या ऑफिसांत बरंच ऐकू येतं. इतिहास पाहिला तर ते टिकत नाही.

सुरुवातीला सही जावा अ‍ॅपलेटने, म्हणजे पानातच चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामने, होई. ते ज्या एनपीएपीआय नावाच्या जोडणीवर चालायचं ती नेटस्केपच्या काळातली. तिच्यातून आलेल्या प्लगइनला अख्ख्या यंत्रावर मोकळं रान मिळे. क्रोमने ती सप्टेंबर २०१५ मध्ये, आवृत्ती ४५ मध्ये, पूर्ण काढली. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये ५२ व्या आवृत्तीत फ्लॅश सोडून बाकी सगळी प्लगइन बंद केली. मग सरकारी साइट इंटरनेट एक्सप्लोररला धरून बसल्या. तोही १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. तोवर १२७.०.०.१ वर ऐकणारे सहायक प्रोग्राम आले. अ‍ॅपलेटचं दार बंद झालं म्हणून काढलेली ही पर्यायी वाट.

या वाटेचा दोष असा की ती फक्त तुमच्या जीएसटी पोर्टलला दिसत नाही, कुठल्याही साइटला दिसते. जून २०२५ मध्ये संशोधकांनी उघड केलं की मेटा आणि यांडेक्स यांची अँड्रॉइड अ‍ॅप फोनवर अशाच पोर्टवर ऐकत बसत, आणि हजारो साइटवरचा त्यांचा ट्रॅकिंगचा कोड ब्राउझरमधून त्या पोर्टला हाक मारून 'हा माणूस कोण' ते जुळवून घेई. कुकीज पुसा, खासगी खिडकी वापरा, फरक पडत नसे. घरातल्या राउटरची सेटिंग बाहेरच्या साइटवरून बदलणारे हल्ले तर त्याच्याही आधीचे. म्हणून क्रोमवाले २०२१ पासून 'प्रायव्हेट नेटवर्क अ‍ॅक्सेस' या नावाने हे दार लावायच्या खटपटीत होते. ती रचना किचकट ठरली, बाजूला पडली, आणि तिच्या जागी साधी परवानगी विचारायची पद्धत आली.

आमचं मत स्पष्ट आहे: बदल योग्य आहे. दोष द्यायचा तर महिनोन्‌महिने आधी जाहीर झालेली गोष्ट बीटा आवृत्तीवर तपासून न पाहणाऱ्या पोर्टलवाल्यांना द्यावा. खरा मार्ग ब्राउझरचं एक्स्टेन्शन आणि नेटिव्ह मेसेजिंग (एक्स्टेन्शनने यंत्रावरच्या प्रोग्रामशी थेट बोलणं) असा आहे. त्यात उघडा पोर्ट नाही, अनोळखी सर्टिफिकेट नाही, आणि कुणाला बोलता येईल याची यादी ठरलेली.

'आमच्या जुन्या विंडोज ७ वर कधीच अडत नाही,' हेही खरं आहे. त्यावरचा शेवटचा क्रोम १०९, जानेवारी २०२३ चा. त्यात ही परवानगीच नाही. पण त्यानंतर सापडलेल्या सुरक्षेच्या भोकांची दुरुस्तीही नाही, आणि त्याच यंत्रावर अशिलांचे पासवर्ड, बँक आणि टोकन.

ऑफिसची मांडणी

अपडेट बंद करू नका. क्रोमची मुख्य आवृत्ती सप्टेंबर २०२१ पासून दर चार आठवड्यांनी आणि सुरक्षेची दुरुस्ती २०२३ पासून जवळपास दर आठवड्याला येते. ती अडवून ठेवलीत तर सही अडण्यापेक्षा मोठं काहीतरी अडेल.

त्याऐवजी सहीसाठी क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल करा. त्यात एकही एक्स्टेन्शन नको, जाहिरात अडवणारंही नाही, आणि हिस्टरी किंवा कुकीज साफ करायच्या नाहीत. लोकल नेटवर्कची परवानगी या प्रोफाइलमध्ये पोर्टलनिहाय एकदा देऊन ठेवा. दुसऱ्या बाजूला फायरफॉक्सची ईएसआर आवृत्ती तयार ठेवा. तिच्यात मोठे बदल साधारण वर्षातून एकदाच येतात, सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र नियमित. दोन्ही ब्राउझर एकाच आठवड्यात मोडण्याची शक्यता कमी.

दहा-वीस यंत्रं असलेल्या ऑफिसात सिस्टीम बघणाऱ्याला दोन गोष्टी करता येतील. क्रोमच्या धोरणांत 'लोकल नेटवर्क अ‍ॅक्सेस अलाउड फॉर यूआरएल्स' (सलग एकच शब्द) या नावाखाली लागणाऱ्या पोर्टलांचे पत्ते घातले की चौकट येतच नाही आणि कुणी चुकून 'ब्लॉक' करू शकत नाही. आणि 'एक्स्टेंडेड स्टेबल' ही वाहिनी निवडली की मुख्य आवृत्ती चारऐवजी आठ आठवड्यांनी बदलते. सगळ्याच साइटना मोकळीक देणारं धोरण टाकू नका.

जाता जाता: संचालकाचं टोकन सीएच्या ड्रॉवरमध्ये आणि त्यावर पिनची चिठ्ठी, हा प्रकार तांत्रिक बिघाडात मोडत नाही, पण कायद्याच्या दृष्टीने ती संचालकाचीच सही असते. चिठ्ठी तरी काढा.

आज शेवटचा दिवस असेल तर

आधी हे बघा की डीएससी लागतेच का. जीएसटीत ती सक्तीची आहे कंपनी आणि एलएलपीला (मर्यादित दायित्व भागीदारीला). मालकी धंदा, भागीदारी, सहकारी गृहनिर्माण संस्था यांना ईव्हीसी, म्हणजे मोबाइलवर येणारा ओटीपी, चालतो. कितीतरीजण केवळ सवयीने डीएससीशी झुंजत बसतात. तिमाही भरणाऱ्यांना महाराष्ट्रात जीएसटीआर-३बी या रिटर्नसाठी तिमाहीनंतरच्या महिन्याची २२ तारीख असते, २० नाही. तेवढे दोन दिवस हातात आहेत.

कंपनी असेल तर कर आधी भरून टाका. चलन भरायला डीएससी लागत नाही. रक्कम रोख खात्यात वेळेत जमा झालेली असणं केव्हाही बरं. विलंब शुल्क मात्र रिटर्न भरलं जाईपर्यंत चालू राहतं. मग वेगळं यंत्र घ्या: लॅपटॉप, ताजा ड्रायव्हर, ताजा एमसायनर, फायरफॉक्स. बिघडलेल्या यंत्राशी रात्री अकरापर्यंत झटण्यापेक्षा हे लवकर होतं.

तरीही अडलं तर पोर्टलवर तिकीट नोंदवा, किंवा १८००-१०३-४७८६ वर फोन करा. येरवड्याच्या जीएसटी भवनात चक्कर मारून उपयोग नाही, पोर्टल जीएसटीएन, म्हणजे जीएसटी नेटवर्क ही कंपनी, चालवते. तिकिटात 'सही होत नाही' एवढंच लिहिलंत तर 'कॅशे साफ करा' एवढंच उत्तर येईल. ब्राउझरचं नाव आणि पूर्ण आवृत्ती (मेनूतल्या 'हेल्प'मध्ये 'अबाउट'), विंडोजची आवृत्ती, एमसायनरची आवृत्ती, १२७.०.०.१:१५८५ उघडल्यावर काय दिसलं, आणि कन्सोलमधल्या लाल ओळीचा तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट जोडा. तिकीट क्रमांक जपून ठेवा. अडचण पोर्टलचीच निघाली तर वेळेत प्रयत्न केल्याचा कागद तोच.